स्कॉटलंड–मलावी मंडळी भागीदारी : पैसे वगळले तर काय उरते?

प्रश्न (ग्लासगो)

सर्वांना सलाम. मी मूळचा अहिल्यानगर जिल्ह्यातला असून सध्या चर्च ऑफ स्कॉटलंडच्या एका मंडळीत (स्थानिक चर्चमध्ये) वडील (एल्डर, म्हणजे मंडळीचा कारभार पाहणाऱ्यांपैकी एक) म्हणून सेवा करतो. आफ्रिकेतील मलावी देशातल्या ब्लॅन्टायर शहराजवळच्या एका प्रेस्बिटेरियन (पाळक आणि वडील मिळून कारभार चालवणाऱ्या पंथाच्या) मंडळीशी आमची जुनी भागीदारी आहे. पूर्वी पत्रे, प्रार्थनाविषय, भेटीगाठी असे सारे चालत असे. मात्र मार्च 2023 मधील फ्रेडी चक्रीवादळानंतर आम्ही छपरासाठी निधी पाठवला, आणि तेव्हापासून तिकडून येतो तो मागणीचा निरोप आणि इकडून जाते ती हिशेबाची चौकशी, असे होऊन बसले आहे. आता आमची मंडळी शेजारच्या मंडळीत विलीन होत असून, पैसे वगळले तर या नात्यात उरते काय, असे नव्या समितीतील काही जण विचारतात. जाणकारांनी मत द्यावे.

उत्तर (ब्लॅन्टायर, नोकरीनिमित्त)

हिशेबाचे आधी सांगतो, कारण बराचसा गैरसमज तिथेच असावा. नोव्हेंबर 2023 मध्ये इथल्या क्वाचा चलनाचे 44 टक्के अवमूल्यन झाले आणि छपराचे पत्रे, सिमेंट, डिझेल यांचे भाव भराभर चढले. त्यामुळे त्याआधी केलेले अंदाजपत्रक नंतरच्या पावत्यांशी जुळत नसेल, तर तेवढ्यावरून कोणावर संशय घेऊ नये. दुसरे असे की इथे मंडळीचे लोक स्वतः माती मळून विटा पाडतात, भट्टी लावतात, भिंती उभ्या करतात, आणि विकत आणावे लागणारे पत्रे तेवढे बाहेरून मागतात. तुमच्या वहीत पत्र्यांची रक्कम दिसते, विटांची मजुरी कुठेच दिसत नाही. पुढच्या अहवालात ती मागून घ्या. देणारा नक्की कोण, हा प्रश्न मग बैठकीत वेगळ्या तऱ्हेने मांडता येईल.

डिसेंबर ते मार्च हे इथले टंचाईचे महिने, घरातला मका संपलेला आणि नवा शेतात उभा. त्या दिवसांत आलेल्या पत्रात मागणी असणारच. मेनंतर, कापणी झाल्यावर लिहा, आणि एकट्या पाळकांना न लिहिता ‘म्वानो’ या महिला मंडळालाही लिहा. पाळकांची बदली झाली तरी त्या बायका तिथेच असतात. पैसे मात्र ब्लॅन्टायर सिनॉडच्या (इथल्या मंडळ्यांवरच्या विभागीय मंडळाच्या) कार्यालयामार्फतच पाठवावेत.

उत्तर (अहिल्यानगर)

मी घेणाऱ्यांच्या बाजूने लिहितो. आमच्याकडे 1831 पासून अमेरिकन मराठी मिशनचे काम होते, त्यामुळे परदेशी मदतीची सवय पिढ्यान्‌पिढ्यांची आहे, आणि ती सवय फार भूषणावह आहे असे मला वाटत नाही. परदेशी देणगी कायद्यात 2020 साली दुरुस्ती झाल्यापासून असा निधी दिल्लीतील स्टेट बँकेच्या मुख्य शाखेतील खात्यातच स्वीकारावा लागतो आणि तो दुसऱ्या संस्थेकडे वळवता येत नाही. साहजिकच लहान मंडळ्यांकडे येणारा पैसा आटला. आमच्या ओळखीच्या परदेशी मंडळ्यांपैकी काहींचा पत्रव्यवहारही त्याबरोबर थांबला. काहींचा चालू राहिला, आणि त्यांनी प्रथमच आमच्याकडे आपल्या अडचणी लिहिल्या : रविवारशाळेला मुले नाहीत, इमारत विकावी लागणार, पाळक मिळत नाही.

आपल्या समितीने मलावीला असे काही कधी कळवले आहे का?

प्रश्नकर्ता

नाही, विलीनीकरणाचेही कळवलेले नाही. ते आपले ओझे त्यांच्यावर कशाला, असा विचार होता.

उत्तर (नाशिक)

तो विचार सौजन्याचा वाटला तरी त्यात थोडा वरचढपणा आहे, असे स्पष्टपणे म्हणतो. चर्च ऑफ स्कॉटलंडची सभासदसंख्या तीन लाखांच्या खाली आली आहे, तर मलावीत एकेका पाळकाकडे अनेक प्रार्थनागृहे असतात आणि बराचसा कारभार वडीलवर्गच पाहतो. पाळकाविना मंडळी कशी चालवावी, हे आज स्कॉटलंडने त्यांच्याकडून शिकण्यासारखे आहे. (जाता जाता : आफ्रिकेत फिरलेला स्कॉटिश मिशनरी डेव्हिड लिव्हिंगस्टन याचे पार्थिव आफ्रिकेच्या किनाऱ्यापर्यंत नेणाऱ्यांत आमच्या नाशिकच्या शरणपूर मिशनमध्ये शिकलेला जेकब वेनराइट होता. त्यामुळे या दोन देशांच्या गोष्टीत आम्हीही थोडे नातेवाईक.)

विलीनीकरणाची बातमी सही-शिक्क्याच्या पत्राने कळवा आणि भागीदारी पुढे चालवावी की नाही, हे त्यांच्या वडीलमंडळालाही विचारा. निर्णय एकट्या ग्लासगोच्या बैठकीत होऊ नये. पुढची भेट ठरवाल तेव्हा आधी त्यांना बोलवा. ब्रिटनच्या व्हिसाला वेळ लागतो, म्हणून निमंत्रणपत्र आणि खर्चाची हमी लवकर पाठवा.