गिअरबॉक्स उतरवायच्या आधी क्लचची केबल बघा

खंबाटकी घाटात तुमच्या मारुती ८०० चं इंजिन नुसतं ओरडतंय आणि गाडी वेग घेत नाही म्हणताय, म्हणजे क्लच स्लिप होतोय, पण लगेच क्लच प्लेट गेली असं धरून गिअरबॉक्स उतरवू नका हो! आधी क्लचचं पेडल हाताने दाबून बघा, सुरुवातीला थोडं मोकळं जायला हवं, ते अजिबात जात नसेल तर केबल जास्त घट्ट आहे आणि रिलीज बेअरिंग (पेडल दाबल्यावर क्लच सोडवणारं बेअरिंग) कायम दाबलेलं राहतंय, त्यानेच स्लिप होतं. गिअरबॉक्सच्या लिव्हरपाशी केबलचा नट आहे, तो थोडा सैल करून परत बघा.

तरीही स्लिप होत असेल तर क्लच प्लेट, तिला दाबून धरणारी प्रेशर प्लेट आणि रिलीज बेअरिंग तिन्ही एकदमच बदला, कारण खरी मेहनत गिअरबॉक्स काढण्यातच आहे. आणि नुसत्या जॅकवर गाडीखाली शिरायचं नाही म्हणजे नाही, स्टँड लावा. आतली धूळही फुंकायची नाही, जुन्या प्लेटमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतं, ओल्या फडक्याने पुसा.

रविवारच्या भेटीला गाडी आणाच, सपाट जागा बघून सगळे मिळून केबल सेट करू, स्टँड मी आणतो.