मदत हवी आहे: डोंगरात वापरायला हलकी बोल्ट ॲक्शन रायफल

हिंगणा_टी_पॉइंट
बोल्ट ॲक्शन (दर गोळीनंतर हाताने बोल्ट मागे-पुढे करायची) रायफल घ्यायची आहे, डोंगरातल्या शिकारीसाठी. वजन तीन किलोच्या आत. कॅलिबर .३०० विन मॅग (विंचेस्टर मॅग्नम, जोरदार काडतूस) जवळपास नक्की, कारण लांबून मारावं लागते म्हणतात. व्हिडिओ पाहून पाहून डोकं आउट झालं, जो तो वेगळंच सांगून राहिला. दोन-तीन मॉडेलं सांगा, महिन्याभरात निघायचं आहे. कायद्याचं लेक्चर नको.

धंतोलीकर
लेक्चर नको म्हणजे नेमकं तेच हवं आहे. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२, कलम ९. शिकारीला बंदी आहे. डोंगर म्हणजे गोरेवाडा की पेंच?

तर्रीपोहा
रामटेकच्या गडावर चालला असंल, माकडं मारायला 😄

हिंगणा_टी_पॉइंट
भारतात कोण म्हणलं? न्यूझीलंड! तिमारूला नोकरी लागली, तिथून सदर्न आल्प्स जवळ आहे. थारची शिकार करायची आहे, तिकडे चालते. आता सांगा.

तर्रीपोहा
थार मारायला एवढ्या लांब कायले जाते? वर्धा रोडवर रोज कोणी ना कोणी ठोकूनच राहिला.

सेमिनरी_हिल्स
गाडी नाही हो, हिमालयातला थार. रानबकरीच्या जातकुळीतला, जाड आयाळीचा प्राणी. १९०४ साली न्यूझीलंडात नेऊन सोडला, तिकडे त्याला शत्रूच नाही, म्हणून भरमसाठ वाढला. आपल्याकडे तो कायद्याने संरक्षित, तिकडे त्याची संख्या आवरायला सरकारी आराखडा. त्यामुळे धंतोलीकर, तुमचं कलम ९ इथे लागू नाही.

आता प्रश्न विचारणाऱ्याला प्रश्न. तीन किलो कशाचे? नुसत्या रायफलचे, की दुर्बीण, माउंट, पट्टा, सप्रेसर (आवाज कमी करायची नळी), गोळ्या सगळं धरून? दुसरं, याआधी सेंटरफायर (बारुदाच्या काडतुसाची मोठी रायफल) चालवली आहे का? तिसरं, तिकडचं लायसन्स हातात आहे का? या तिन्हीशिवाय मॉडेल सांगणं म्हणजे माप न घेता शर्ट शिवणं.

बोअर_सोळा
कशाला एवढी चर्चा. .३०-०६ घ्या. १९०६ पासून चालत आलेलं काडतूस आहे, जगात कुठेही मिळतं. बाकी सगळी नवी खेळणी.

गोल_घिरट्या
काका, चांगलं आहे, पण त्याला लांब ॲक्शन (बोल्टची यंत्रणा) लागते आणि पन्नास ग्रेनच्या (बारूद-गोळी तोलायचं माप) वर बारूद जळते. अडीच-तीन किलोच्या रायफलीत ते खांद्यावर येतं. आजच्या काळात ६.५ क्रीडमूर काडतूस सोडून दुसरं घेणं म्हणजे हट्ट आहे. कमी धक्का, लांब सडसडीत गोळी, वाऱ्यात कमी वाहते.

बोअर_सोळा
क्रीडमूर कागदावर भोकं पाडायला. २००७ चं पोर ते.

हिंगणा_टी_पॉइंट
तीन किलो म्हणजे रायफलच. बाकी सामान तर लागतेच ना, ते कोण मोजते? चालवलं म्हणाल तर फक्त १० मीटरची एअर रायफल, इथल्या क्लबात. लायसन्स तिकडे गेल्यावर काढीन.

सेमिनरी_हिल्स
ते सामानच मोजायचं असतं, भाऊ. गणित करून दाखवतो. टिका कंपनीची टी३एक्स लाइट रायफल, स्टेनलेस, साधारण २.९ किलो. दुर्बीण ४५० ग्रॅम. रिंगा आणि माउंट १२०. सप्रेसर ३५०. पट्टा १००. .३०८ चं एक काडतूस अंदाजे २५ ग्रॅम, चार म्हणजे १००. झाले चार किलो. चढताना हातात आणि खांद्यावर हेच चार किलो येणार, कॅटलॉगातले २.९ नाहीत. वजन उतरवायचंच असेल तर आधी दुर्बिणीकडे बघा. ५० मिमी काच आणि ३० मिमी नळीची मोठी दुर्बीण ६०० ते ७०० ग्रॅमपर्यंत जाते, ३-९ × ४० वाली (३ ते ९ पट, ४० मिमी काच) ४०० च्या आसपास येते. रायफलीवर वाट्टेल तेवढा पैसा ओतून जे तीनशे ग्रॅम वाचतात, ते इथे फुकट वाचतात.

आणि .३०० विन मॅग विसरा. बंदुकीचं वजन जेवढं कमी, तेवढी धक्क्याची ऊर्जा त्याच प्रमाणात वाढते. तेच काडतूस चार किलोच्या जागी तीन किलोत घातलं की धक्का एक तृतीयांशाने वाढला. ३.२ किलो धरून हिशेब केला तर .३०८ मध्ये १५० ग्रेनची गोळी साधारण १८ फूट-पौंड धक्का देते, .३०० विन मॅगमध्ये १८० ग्रेनची ३३ च्या पुढे. जवळपास दुप्पट. एअर रायफलवरून थेट तिथे उडी मारली की चौथ्या-पाचव्या गोळीपासून ट्रिगर दाबताना डोळे मिटायला लागतात. ती सवय नंतर मोडत नाही.

गोल_घिरट्या
म्हणूनच म्हणतो, ६.५.

सेमिनरी_हिल्स
६.५ ला विरोध नाही. ७ मिमी-०८, .२७०, .३०८ सगळी चालतात. थारचा नर शंभर किलोच्या पुढे जाऊ शकतो, पण १४०-१५० ग्रेनची चांगली गोळी खांद्यामागे बसली की पुरते. .३०८ चा फायदा एवढाच की गोळ्या कुठल्याही दुकानात मिळतात. एअर रायफलवाल्याला सरावासाठी भरपूर गोळ्या झाडाव्या लागतील, म्हणून माझं मत .३०८ किंवा ७ मिमी-०८.

पोळा_फाट्यावर
लायसन्सचं कोणीच बोलेना. न्यूझीलंडात लायसन्स माणसाचं असतं, बंदुकीचं नाही. थिअरीची परीक्षा, प्रात्यक्षिक सुरक्षा कोर्स, ओळखीच्यांकडून चौकशी, घरी बंदूक कुठे ठेवणार त्याची पाहणी. महिन्याभरात उरकेल असं धरून चालू नका. त्याशिवाय रायफल तर सोडाच, गोळ्याही विकत मिळत नाहीत. २०२३ पासून बंदुकीची नोंदही करावी लागते. तोवर लायसन्सवाल्या माणसाच्या अगदी शेजारी, त्याच्या थेट देखरेखीखाली चालवता येते. तो सोबती आधी शोधा. सार्वजनिक वनजमिनीवर शिकारीचा परवाना वेगळा, तो ऑनलाइन आणि फुकट मिळतो.

हिंगणा_टी_पॉइंट
हे कोणीच सांगितलं नव्हतं. म्हणजे गेल्या गेल्या घेता येत नाही?

पोळा_फाट्यावर
नाही. आणि इथून घेऊन जायचा विचार असेल तर तोही सोडा. तीच रायफल तिथल्या दुकानात मिळते.

गावंडे_कळमेश्वर
विषय निघालाच आहे तर विचारतो. आमच्या शेतात रानडुकरं हैदोस घालतात. .३१५ बोल्ट ॲक्शनचं लायसन्स मिळते का? ती ईशापूरची.

धंतोलीकर
मिळतं, पण लायसन्स मिळालं म्हणजे डुक्कर मारायची मुभा मिळाली असं नाही. पिकाच्या नुकसानीसाठी वन विभागाची परवानगी स्वतंत्र लागते. वेगळा धागा काढा.

काटोल_नाका
रायफलीचं ठरेल तेव्हा ठरेल, या गोष्टी लिहून ठेवा. कोणत्याही मॉडेलला लागू.

बॅरल हलकी म्हणजे पातळ, पातळ म्हणजे लवकर तापते. तापली की निशाण सरकतं. म्हणून झिरो करताना (दुर्बिणीचा नेम आणि गोळी एका जागी जुळवताना) तीन गोळ्या झाडा, हात लावून बॅरल गार लागेपर्यंत थांबा, मग पुढच्या तीन. डोंगरात तुम्हाला मिळणार पहिलीच गोळी, तीही गार बॅरलमधून. झिरोही तिचाच बघा.

बॅरल आणि स्टॉक (दस्ता) यांच्यामधून कागद सरकवून पाहा. टोकापासून ॲक्शनपर्यंत विनाअडथळा गेला पाहिजे. पातळ प्लास्टिक स्टॉक हाताच्या दाबाने वाकून बॅरलला टेकतो, मग गोळी कधी वर, कधी डावीकडे. दोष दुर्बिणीला देतात, तो स्टॉकचा असतो. गोळी मारताना पुढच्या भागाखाली पिशवी घ्या, बॅरलखाली कधीच नाही. हलकी रायफल बायपॉडवर (दुपायी टेकूवर) उसळते, पुढचा भाग हाताने धरून दाबा.

झिरो २०० मीटरवर करा. .३०८, १५० ग्रेन, तर १०० वर साधारण पाच सेंमी वर आणि ३०० वर वीस-पंचवीस सेंमी खाली. दुर्बिणीची पाव मिनिटाची क्लिक (मिनिट म्हणजे अंशाचा साठावा भाग) निशाण १०० मीटरला ७ मिमी सरकवते, तेवढं पाठ ठेवा.

उताराचं गणित. समोरच्या कड्यावर ३०० मीटर दिसलं आणि कोन ३० अंश असला, तर गोळीच्या लेखी अंतर २६० च. ४५ अंशाला २१२. वर मारा की खाली मारा, ३०० धरलं तर गोळी वरूनच जाईल. नवशिके इथेच चुकतात, उलट दिशेनेही चुकतात.

वर नेम धरताना डोळा काचेजवळ सरकतो आणि हलक्या रायफलीची दुर्बीण भुवईवर आदळते. डोळ्यापासूनचं अंतर नऊ सेंमी तरी मिळेल अशीच दुर्बीण घ्या, आणि घरी झोपून, बसून, वर बघून तपासा. दुकानात उभं राहून तपासण्यात अर्थ नाही.

बोअर_सोळा
बॅरल किती इंच ते सांगा ना. २४ च्या खाली वेग जातो.

काटोल_नाका
जातो, इंचामागे साधारण २५ फूट प्रतिसेकंद. सप्रेसर लावला की पंधरा-वीस सेंमी लांबी वाढते, मग २४ इंची बॅरल झुडपात अडकते. तिकडे सप्रेसर सर्रास वापरतात, वेगळं लायसन्स लागत नाही. २० इंची घ्या, आटे आधीच पाडलेले असलेली. आट्यांचं माप १४×१ आहे की ५/८×२४, ते सप्रेसर घेण्याआधी बघा, नाहीतर दोन्ही घरी पडून राहतील. मझल ब्रेक (बॅरलच्या टोकाची, वायू बाजूला सोडणारी टोपी) नको. धक्का कमी होतो, पण शेजारच्या सोबत्याच्या कानाचे पडदे जातात.

तर्रीपोहा
बर्फात बंदूक गोठत नाही का बाप्पा? आपल्या इकडे मे महिन्यात लोखंड हातात धरवत नाही, तिकडे उलटं.

काटोल_नाका
चांगलं विचारलं. बोल्टमधलं घट्ट ग्रीस थंडीत चिकटतं, फायरिंग पिन हळू पडते आणि गोळी उडतच नाही. निघण्याआधी बोल्ट उघडून फायरिंग पिन कोरडी करा, हवं तर पातळ तेलाचा हलका हात. बॅरलच्या टोकावर इन्शुलेशन टेपचा तुकडा लावा म्हणजे बर्फ-चिखल आत जात नाही. गोळीच्या आधी हवाच ती टेप फाडते, निशाणावर फरक पडत नाही. थंडीतून आणलेली रायफल लगेच गरम खोलीत नेली की काचेवर आणि आतल्या लोखंडावर बाष्प धरतं. चालताना चेंबर रिकामं. खडकावरून घसरलात तर भरलेली रायफल तुमच्यासोबत घसरते.

गोल_घिरट्या
टिकाचं मॅगझीन प्लास्टिकचं आणि सुटं आहे. एखादं दरीत पडलं की रायफल एका गोळीची झाली. जास्तीचं घ्यायला सांगा. आणि किम्बर माउंटन असेंट बघा, २.२ किलोच्या आसपास.

सेमिनरी_हिल्स
किम्बर पहिल्यांदा घेणाऱ्याला नको. एवढी हलकी रायफल नेमात स्थिर राहत नाही, वारा नळी हलवतो, छातीची धडधडही नेमात जाणवते. पहिली रायफल टिका किंवा होवा कंपनीची. हजार गोळ्या झाल्या की मग हलक्याचा विचार करावा.

हिंगणा_टी_पॉइंट
ठीक. विन मॅग रद्द. टिका, स्टेनलेस, २० इंची, ७ मिमी-०८ किंवा .३०८, लायसन्स आल्यावर. तोवर तिमारूत सोबती शोधतो. दुर्बीण कोणती घेऊ?

काटोल_नाका
३-९ × ४० किंवा २.५-१० × ४२, एक इंची नळी, क्लिक बोटाने मोजता येणारी. रिंगांचे स्क्रू टॉर्क रेंचने, १५ ते १८ इंच-पौंड, हाताच्या अंदाजाने नाही. बेसचे स्क्रू तेल पुसून, निळ्या थ्रेडलॉकचा (स्क्रू सैल न होऊ देणारा गोंद) एकेक थेंब. आणि कड्यावर गोळी झाडण्याआधी बघा, जनावर पडलं तर कुठे पडेल. जिथून आणता येणार नाही तिथे मारू नका.

गावंडे_कळमेश्वर
नवा धागा काढला, तिथेही कोणी उत्तर देऊन नाही राहिलं. .३१५ चं काय?