मदत हवी आहे: हंगाम संपताना झाडावर राहिलेले हिरवे टोमॅटो घरात कसे पिकवावेत?

मी भंडारा जिल्ह्यातील साकोली तालुक्यात राहते. घरामागच्या सांदवाडीत कार्तिकात लावलेली टोमॅटोची साठेक झाडे आता शेवटच्या टप्प्यात आहेत. पाने खालून करपत चालली आहेत, विहिरीचे पाणी घटले आहे आणि दुपारचा पारा चाळिशीकडे निघाला आहे, त्यामुळे येत्या आठ दिवसांत झाडे उपटावी लागतील. त्यांच्यावर अजून दोन कॅरेट भरतील एवढी हिरवी फळे आहेत आणि ती गुरांपुढे टाकण्यास मन तयार होत नाही.

गेल्या वर्षी अशीच फळे मी आंब्याचा माच घालतात त्या पद्धतीने ठेवली होती. टिनाच्या छपराखालच्या खोलीत धानाची तणस अंथरली, त्यावर फळांचे थर लावले आणि वरून गोणपाट झाकले. आठव्या दिवशी उघडून पाहिले, तेव्हा बहुतेक फळे पिवळट नारिंगी होऊन मऊ पडली होती, काही सुरकुतली होती आणि तळाचा थर कुजला होता. लालबुंद असे एकही फळ मिळाले नाही. आंबा ज्या उबेत उत्तम पिकतो, त्याच उबेत टोमॅटो का बिघडला, हे मला आजवर उमगलेले नाही.

थंड देशांतील लोक हिमतुषार पडण्यापूर्वी अख्खी झाडे उपटून घरात उलटी टांगतात, असे वाचनात आले. आपल्याकडे कवेलूच्या घरात आढ्याला झाडे टांगून तो उपाय साधेल का? शिवाय गावात आंब्यासाठी पिकवण्याची पुडी मिळते. ती वापरण्याची माझी इच्छा नाही, परंतु घरचे लोक आग्रह करीत आहेत, म्हणून त्याविषयीही जाणकारांनी स्पष्ट सांगावे.

प्रतिसाद १

ताई, तुमची फळे उष्णतेनेच बिघडली. टोमॅटोचा लाल रंग लायकोपीन या द्रव्यामुळे येतो आणि ते साधारण २० ते २५ अंश सेल्सिअस तापमानात सर्वांत चांगले तयार होते. तापमान ३० अंशांच्या वर राहिले की ते तयार होणे मंदावते, पिवळ्या रंगाचे कॅरोटीन मात्र टिकून राहते, म्हणून फळ मऊ होते पण पिवळट नारिंगीच राहते. टिनाखालची खोली आणि तिच्यात तणशीची ऊब म्हणजे दुहेरी ताप झाला. झाडावरची फळेही मार्चअखेर पिवळसर राहू लागतात, त्याचे कारण हेच आहे.

थंड देशांतील सल्ला आपल्याला उलटा लागू होतो. त्यांना फळ गारठ्यातून उबेत आणायचे असते आणि आपल्याला तापातून गारव्यात न्यायचे असते. आढ्याजवळ गरम हवा साचते, त्यामुळे झाडे तेथे टांगू नयेत. शिवाय तुमची झाडे करपलेली आहेत आणि तो रोग फळांवरही उतरतो. फळांना पिकण्यासाठी ऊनही लागत नाही. ज्या कोपऱ्यात माठातले पाणी सर्वांत गार राहते, तेथे जमिनीलगत फळे ठेवावीत. घरात कूलर असेल, तर त्याची खोली अधिक बरी. मात्र फ्रिज टाळावा, कारण साधारण १२ अंशांच्या खाली हिरवे फळ बरेच दिवस राहिले, तर नंतर ते नीट पिकत नाही आणि लवकर सडते.

निवड हा यातील सर्वांत महत्त्वाचा भाग आहे. एकसारख्या आकाराच्या फळांपैकी एखादे धारदार सुरीने आडवे कापून पाहावे. बियांभोवती गर बुळबुळीत झाला असेल आणि बिया सुरीखालून निसटत असतील, तर तशी फळे जून झालेली असून ती घरात पिकतील. बियाच कापल्या गेल्या, तर ती फळे कोवळी आहेत आणि कितीही दिवस ठेवली तरी त्यांना चव येणार नाही. छिद्र असलेले प्रत्येक फळ बाजूला काढावे, कारण हरभऱ्याच्या घाट्यात शिरणारी अळीच टोमॅटोतही शिरते आणि तिने पोखरलेल्या एका फळापासून शेजारची फळेही कुजू लागतात.

मूळ लेखिका

दादा, मनापासून आभार. आज सकाळी फळे कापून पाहिली. वरच्या फांद्यांवरची जवळजवळ सगळी कोवळी निघाली, तर खालच्या घोसांतील फळांच्या बिया सुरीखालून निसटल्या. गेल्या वर्षी मी ही सरमिसळ न निवडताच माचात घातली होती. आता जून फळे कशात ठेवावीत आणि कोवळ्यांचे काय करावे?

प्रतिसाद २

ताई, जून फळे न धुता, कोरडी पुसून, देठ काढून खोक्यात वर्तमानपत्रावर एकाच थरात, एकमेकांना न टेकता मांडावीत. सोबत एक-दोन पिकलेली केळी ठेवून वरून कागद झाकावा. पिकत्या केळ्यातून इथिलीन वायू निघतो आणि तोच टोमॅटोला पिकवू लागतो. रोज एकदा उघडून पाहावे आणि डागाळलेले फळ लगेच काढावे. बुडाशी गुलाबी छटा आलेली फळे चार-पाच दिवसांत तयार होतात, पूर्ण हिरव्यांना एक ते दोन आठवडे लागू शकतात.

पुडीबाबत घरच्यांना ठामपणे नकार द्यावा. तिच्यात बहुधा कॅल्शियम कार्बाइड असते आणि अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाच्या २०११ च्या नियमांनुसार फळे पिकवण्यासाठी त्याच्या वापरावर बंदी आहे. त्यात आर्सेनिक व फॉस्फरसचे अंश असू शकतात. जे काम दोन केळी करतात, त्यासाठी हा धोका घरात आणू नये.

कोवळ्या फळांची आमच्या घरी चटणी करतात. फोडी तेलात हिरव्या मिरच्या आणि लसणासोबत मऊ होईपर्यंत परताव्यात, भाजलेले तीळ किंवा शेंगदाणे घालून पाट्यावर जाडसर वाटावे. ज्वारीच्या भाकरीसोबत ती पिकल्या भेदऱ्याच्या (म्हणजे टोमॅटोच्या) चटणीपेक्षाही आंबट आणि रुचकर लागते. एक कॅरेट कोवळी फळे असतील, तर शेजारीही वाटावीत, कारण ती दोन-तीन दिवसांतच सुरकुतू लागतात.