फडताळातलं ऑलिव्ह तेल

विषय: ऑलिव्ह तेल, समईत घालू का?

मंडळी, सप्रेम नमस्कार.

गणपतीसाठी गुहागरला आलोय. आईसाठी आणलेल्या ऑलिव्ह तेलाच्या दोन बाटल्या अजून शिल्लक आहेत. एक पांढऱ्या काचेची. वर्षापूर्वी फोडलेली, अर्धी संपलेली, 'दिसते छान' म्हणून खिडकीतल्या फळीवर मांडलेली. दुसरी गडद हिरवी, फडताळात ठेवलेली, गेल्याच महिन्यात फोडलेली. आई म्हणते हिरवीतलं बिघडलंय, कारण कडू लागतं आणि घशाला झोंबतं. खिडकीतलं कसं गोडं आहे! त्यामुळे हिरवीतलं समईला काढून ठेवलंय. त्यातलं थोडं मी फ्रिजमध्ये ठेवून पाहिलं तर पांढऱ्या गाठी झाल्या, म्हणजे आता आईच्या बाजूने पुरावाच. तारीख मात्र दोन्हींची अजून उलटलेली नाही. कोणाला यातलं कळतं का?

*

उत्तर: ऑलिव्ह तेल, समईत घालू का?

अरे थांब! हिरवीतलं समईत घालू नकोस.

आम्ही बारा वर्षं इटलीत काढली, आता वेंगुर्ल्यात असतो, म्हणून हक्काने लिहिते. कडू लागणं आणि घशाला ठसका बसणं ही चांगल्या एक्स्ट्रा व्हर्जिनची, म्हणजे सगळ्यात वरच्या प्रतीच्या ऑलिव्ह तेलाची खूण. तो ठसका ओलियोकँथल नावाच्या द्रव्याचा. तेल जुनं होत जातं तसा हा तिखटपणा ओसरतो, आणि मग ते आईंना 'गोडं' वाटतं.

गाठींचं म्हणशील तर थंडीत खोबरेल थिजतं तसंच हे. बाहेर काढलंस की पूर्ववत होईल. त्यावरून तेल बिघडलं की शुद्ध आहे, काहीच ठरत नाही.

खरी परीक्षा नाकाची. चमचाभर तेल छोट्या वाटीत घे, वर एक तळवा झाक, खालून दुसऱ्या हाताने मिनिटभर ऊब दे आणि मग हुंग. ताज्या तेलाला कापलेल्या गवताचा, कच्च्या टोमॅटोचा वास येतो. बिघडलेल्याला मेणाच्या खडूचा आणि जुन्या अक्रोडाचा, असं तिकडे सांगतात. आईंना खडू-अक्रोड सांगत बसू नकोस. पावसाळ्यात डब्यात राहिलेल्या खोबऱ्याच्या वाटीची आठवण करून दे. खवट म्हणजे काय, हे कोकणातल्या बाईला कोणी शिकवायला नको.

खिडकीतलं गेलेलं असणार, हे मी इथे बसून सांगते. तेलातलं हरितद्रव्य उजेडात त्याच्यावरच उलटतं, आणि अर्ध्या बाटलीत वरची जागा हवेनेच भरलेली. तारीख छापतात ती बंद बाटलीची. फोडल्यावर दोन-तीन महिन्यांत संपवायचं. लोणचं मुरतं रे, ऑलिव्ह तेल मुरत नाही.

ठेवायला 14 ते 18 अंश उत्तम म्हणतात. कोकणात ते कुठून आणणार? जांभ्याच्या भिंतीतलं बंद फडताळ, चुलीपासून लांब, एवढं पुष्कळ. बूच घट्ट लाव. तांब्या-पितळेच्या भांड्यात काढू नको, त्याने लवकर खवटतं. स्टील चालेल. आणि जुन्या बाटलीत तळाशी उरलेल्यावर नवं ओतू नकोस, नवंही नासतं.

हे सगळं शहाणपण नंतरचं. आम्ही दोघंच, तरी स्वस्त पडतो म्हणून मी पाच लिटरचा डबा उचलला होता. शेवटचे दोन लिटर समईलाच गेले. आता मोठा डबा आणलाच तर त्याच दिवशी छोट्या गडद बाटल्यांत गळ्यापर्यंत भरते आणि एकेक फोडते.

*

उत्तर: उत्तर: ऑलिव्ह तेल, समईत घालू का?

ताई, काल रात्री परीक्षा झाली. कुठली वाटी कुठल्या बाटलीतली, हे आईला सांगितलं नव्हतं. पहिली हुंगून म्हणाली, "ह्यात गवत पडलंय का?" दुसरीला नाक लावलं आणि वाटी लांबच धरली. "शी! खवट खोबरं. हे कोणी ठेवलं?"

मी खिडकीकडे बोट दाखवलं. त्यावर ती म्हणाली, "बाटली तिथे तूच ठेवली होतीस."

खिडकीतलं आता समईत आहे, मस्त तेवतंय. हिरवीतलं आज काकडीच्या कोशिंबिरीवर घातलं. पहिल्याच घासाला आई ठसकली, पाणी प्यायली आणि विचारलं, "मिरं घातलंस का रे?" पण वाटी रिकामी झाली. पुढच्या खेपेला पाव लिटरचीच बाटली आण म्हणाली, आणि काळ्या काचेची.