‘फुटून निघणे’ की ‘विलग होणे’?

प्रश्न :
वादविवाद स्पर्धेचा विषय मराठीत मांडायचं काम माझ्याकडे आलंय. एखाद्या राज्याला आपल्या देशातून बाहेर पडता यावं का, असा विषय आहे. मी लिहिलं, ‘घटकराज्याला देशातून फुटून निघण्याचा अधिकार असावा काय?’ परीक्षकांपैकी एक बाई म्हणाल्या, “‘फुटून’ लिहिलंत म्हणजे निकालच लावलात की! अनुकूल बाजूच्या मुलांनी उठून बोलायचं तरी कशाला?” मला पटलं. पण दुसरा शब्द सुचत नाही. कोणाचीच बाजू न घेणारा शब्द मराठीत आहे का?

प्रतिसाद :
विलग होणे. कोरडा संस्कृत शब्द, कोणाला टोचत नाही.

प्रतिसाद :
कोरडा होता. २०२० नंतर ‘विलगीकरण’ म्हटलं की राज्य नव्हे, तापाचा रुग्ण डोळ्यांपुढे येतो. ‘वेगळं होणं’ सोपं वाटतं, पण तेही अडचणीचं. ‘वेगळा विदर्भ’ किंवा ‘स्वतंत्र विदर्भ’ म्हणणारा देशाबाहेर जायचं म्हणत नसतो, त्याला देशातच निराळं राज्य हवं असतं. म्हणजे ‘वेगळं’ आणि ‘स्वतंत्र’ हे दोन्ही शब्द आपण आधीच दुसऱ्या कामाला लावून बसलोय.

प्रतिसाद :
ताई, परीक्षक बाईंचं म्हणणं खरं आहे. मराठीत भांडं फुटतं, धरण फुटतं, पेपर फुटतो, साक्षीदार फुटतो, आमदार फुटतात. पालवीही फुटते, कोंबही फुटतो, पण ‘फुटीर’ म्हटल्यावर पालवी कोणाला आठवते?

पण माझी अडचण निराळी आहे. ‘फुटून निघणे’ यात मूळ वस्तू मागे शिल्लक राहते हे गृहीत असतं. लिथुआनियाने ११ मार्च १९९० ला स्वातंत्र्य जाहीर केलं, तेव्हा तो सोव्हिएत संघातून फुटून निघाला, कारण संघ जागेवर होता. पुढे एकवीस महिन्यांनी संघच उरला नाही. त्याला आपण ‘विघटन’ म्हणतो, आणि बरोबर म्हणतो. चेकोस्लोव्हाकियात तर १ जानेवारी १९९३ ला कोण कोणातून निघालं हेच सांगता येत नाही. सार्वमत न घेता दोन्हीकडच्या पुढाऱ्यांनी ठरवलं आणि मालमत्ता साधारण लोकसंख्येच्या प्रमाणात, दोनास एक अशी वाटून घेतली. तिथे शब्द एकच, वाटणी.

एक जुना शब्द मात्र वाया चाललाय : सवतासुभा. आज तो पक्षातल्या नाराज मंडळींपुरता उरलाय, पण शब्दशः अर्थ ‘निराळा प्रांत’. निजामुल्मुल्कने १७२४ नंतर दख्खनमध्ये नेमकं हेच केलं. बादशहाचं नाव ठेवलं, कारभार आणि वसूल आपल्या हाती घेतला. जाहीरनामा नाही, फारकत नाही, तरी प्रांत गेला. बाहेर न पडता बाहेर असण्याला इतका नेमका शब्द क्वचितच सापडेल. तुमच्या विषयाला तो चालणार नाही, हेही खरं.

प्रतिसाद :
तुम्ही ‘फारकत’ शब्द ओघात वापरलात, पण मला उत्तर तिथेच दिसतं. फारिग म्हणजे मोकळा, खत म्हणजे लेखी कागद. हिशेब मिटवून, लिहून देऊन मोकळं होणं म्हणजे फारकत. शेजारचा शब्द काडीमोड. काडी मोडली, संबंध तुटला, लिखापढी नाही. सगळा वाद या दोन शब्दांमध्ये आहे. राज्याने काडीमोड करावी का, आणि राज्याला फारकत मिळावी का, हे दोन निराळे प्रश्न आहेत आणि त्यांची उत्तरंही निराळी येतात.

कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने १९९८ मध्ये हेच केलं. क्वेबेक या प्रांतात कॅनडापासून निघण्याबद्दल ३० ऑक्टोबर १९९५ ला झालेल्या सार्वमतात ‘नाही’ला ५०.५८ टक्के मतं पडली, फरक ५४ हजारांच्या आसपास. नंतर न्यायालय म्हणालं, क्वेबेकला एकतर्फी निघता येणार नाही. पण प्रश्न स्पष्ट असेल आणि बहुमतही स्पष्ट असेल, तर उरलेल्या देशाला वाटाघाटीला बसावंच लागेल. काडीमोड नाही, फारकतीची बोलणी मात्र टाळता येणार नाहीत.

अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानेही १८६९ मध्ये संघ अविनाशी म्हणताना दोन फटी ठेवल्या होत्या : एक क्रांती, दुसरी इतर राज्यांची संमती. यादवी युद्ध होऊन गेल्यावरचा निकाल आहे, त्यामुळे पहिलीचा अर्थ तेव्हा कोणाला समजावून सांगावा लागला नसेल.

प्रतिसाद :
मला ‘फुटणे’च योग्य वाटतं. राज्य जातं तेव्हा माणसंही मधोमध तुटतात, ते शब्दात दिसायला नको का? गुळगुळीत शब्द शोधून काय साधणार? शिवाय ‘राज्याला’ म्हणजे कोणाला? ‘स्वयंनिर्णय’ आपण सहज म्हणतो, त्यातला ‘स्वयं’ कोण ते विचारत नाही. क्वेबेकच्या सार्वमताच्या सहा दिवस आधी तिथल्या क्री या आदिवासी लोकांनी आपलं निराळं सार्वमत घेतलं आणि ९६ टक्क्यांनी कॅनडात राहायचं ठरवलं. व्हर्जिनिया अमेरिकेतून निघाली, तर पश्चिमेकडचा भाग व्हर्जिनियातून निघाला आणि १८६३ मध्ये संघात निराळं राज्य म्हणून आला. फुटणाऱ्यातून फुटलेला. त्याला फुटीर म्हणायचं की निष्ठावंत?

प्रतिसाद :
‘अधिकार’ शब्दाबद्दल कोणीच बोललं नाही म्हणून लिहितो. १९७७ च्या सोव्हिएत घटनेत कलम ७२ होतं, प्रत्येक संघीय प्रजासत्ताकाला मुक्तपणे बाहेर पडण्याचा अधिकार. एका वाक्याचं कलम. कसं पडायचं, कुठे अर्ज करायचा, काही नाही. तो कायदा झाला ३ एप्रिल १९९० ला, लिथुआनियाने जाहीर केल्यावर तेवीस दिवसांनी. दोन-तृतीयांश मतं आणि पाच वर्षांपर्यंतचा संक्रमणकाळ मागणारा. बाहेर पडण्याचा कायदा कमी, न पडू देण्याचा जास्त.

उलट इथिओपियाच्या १९९५ च्या घटनेत कलम ३९ मध्ये रीत दिलीय : त्या समूहाच्या विधिमंडळात दोन-तृतीयांश, तीन वर्षांच्या आत सार्वमत, तिथे बहुमत, मग सत्तांतर आणि मालमत्तेची वाटणी. फारकतीचा मसुदाच तो. आपल्याकडे डॉ. आंबेडकरांनी ४ नोव्हेंबर १९४८ ला घटना समितीत सांगितलं, की राज्यांनी आपसांत करार करून हा संघ बनवलेला नाही, म्हणून निघून जाण्याचा अधिकारही कोणाला नाही. मसुद्यात ‘राज्यांचा संघ’ हे शब्द त्याचसाठी आणले. मराठीत आपण करारातून बनलेल्या ‘फेडरेशन’ला आणि या ‘युनियन’ला, दोन्हीला ‘संघराज्य’ म्हणून तो भेद पुसून टाकतो.

प्रश्नकर्ती :
सगळ्यांचे आभार. कॅनडाचा ‘स्पष्ट प्रश्न’ वाचून स्कॉटलंडचं आठवलं. २०१४ च्या सार्वमताचा पहिला मसुदा ‘स्कॉटलंड स्वतंत्र देश व्हावा याला आपण सहमत आहात का?’ असा होता. ‘सहमत आहात का’ विचारलं की माणूस हो म्हणण्याकडे झुकतो, म्हणून तिथल्या निवडणूक आयोगाच्या सल्ल्यावरून ते शब्द काढले. माझ्या ‘फुटून’मध्ये झुकाव उलटा होता, एवढंच.

आता असं लिहितेय : ‘घटकराज्याला देशापासून फारकत घेण्याची घटनात्मक तरतूद असावी काय?’ चालेल?

प्रतिसाद :
चालेल. फक्त ‘घेण्याची’ वर मुलांना अडवणारा कोणीतरी निघेल. ९ ऑगस्ट १९६५ ला मलेशियाच्या संसदेत १२६ विरुद्ध शून्य मतांनी ठराव झाला आणि सिंगापूर देश झाला. त्यांना जायचंच नव्हतं. ते वेगळे निघाले नाहीत, त्यांना वेगळं काढलं.