डॉक्टरांच्या चिठ्ठीतलं ओडी, बीडी, टीडीएस: मूळ काय, पाळायचं कसं?

मुक्ता_पुणे:
औषधांपुढे ओडी, बीडी, टीडीएस, एचएस, एसओएस असं लिहिलेलं असतं. ही अक्षरं आली कुठून? चष्म्याच्या नंबराच्या कागदावरही ओडी दिसलं, तिथे 'दिवसातून एकदा' लागूच पडत नाही. शिवाय टीडीएस म्हणजे जेवणाच्या वेळा धरायच्या की घड्याळ?

शब्दवेल्हाळ:
सगळी लॅटिन आहेत. बीडी म्हणजे 'बिस इन दिए', दिवसातून दोनदा. टीडीएस म्हणजे 'तेर दिए सुमेंदुम', दिवसातून तीनदा घ्यावे. एचएस म्हणजे 'होरा सोम्नी', झोपायच्या वेळी. एसओएस म्हणजे 'सी ओपुस सित', गरज पडली तर. जहाजांच्या संकटसंदेशाशी त्याचा संबंध नाही.
ओडी मात्र दोन आहेत. औषधांपुढचं 'ओम्नी दिए', म्हणजे रोज एकदा. चष्म्याच्या कागदावरचं 'ओकुलुस देक्स्तेर', म्हणजे उजवा डोळा. तिथे ओएस म्हणजे डावा.
आपल्याला हे शब्द वाटतात तितके परके नाहीत. बिस आणि संस्कृत द्विः, तेर आणि त्रिः एकाच मुळातून आलेत. देक्स्तेर हा तर 'दक्षिण'चा सख्खा भाऊ, संस्कृतात दक्षिण म्हणजे उजवासुद्धा!

औषधशास्त्र_सांगली:
वेळांचं बघू. बीडी म्हणजे साधारण 12 तासांनी, टीडीएस म्हणजे 8 तासांनी. अँटिबायोटिकला हे अंतर महत्त्वाचं, कारण काही तासांत रक्तातलं औषध कमी होत जातं. सकाळी 9, दुपारी 1 आणि रात्री 9 असं घेतलं तर पहिले दोन डोस जवळ येतात आणि रात्रभर मोठी पोकळी राहते. सकाळी 6, दुपारी 2, रात्री 10 हे बरं जमतं.
एसी (जेवणाआधी) आणि पीसी (जेवणानंतर) हेही बघा. पँटोप्रॅझोल (अ‍ॅसिडिटीची गोळी) जेवणाआधी अर्धा तास, आयबुप्रोफेन (वेदनाशामक) जेवणानंतर. उलटं केलं तर पहिल्याचा परिणाम घटतो, दुसऱ्याने पोटात जळजळ होऊ शकते.

मुक्ता_पुणे:
आणि एसओएस? ताप असेपर्यंत कितीही वेळा?

औषधशास्त्र_सांगली:
अजिबात नाही. पॅरासिटामॉल 650 असेल तर मोठ्या माणसाला दोन गोळ्यांत किमान 4 ते 6 तास हवेत आणि 24 तासांत एकूण 4 ग्रॅमच्या वर जायचं नाही. सर्दीच्या बऱ्याच गोळ्यांत पॅरासिटामॉल आधीच असतं, तेही या हिशेबात धरा. यकृताचा आजार असेल किंवा रोज दारू घेत असाल, तर मर्यादा आणखी खाली येते. ती डॉक्टरांकडूनच ठरवून घ्या.

वॉर्ड_सिस्टर:
खरा घोळ वाचण्यात होतो. अमेरिकेत रोज एकदा यासाठी क्यूडी लिहीत, ते क्यूआयडी (दिवसातून चारदा) वाचलं जाई. तिथल्या जॉइंट कमिशनने (रुग्णालयांना मान्यता देणारी संस्था) 2004 मध्ये क्यूडी वापरू नये असं ठरवलं. त्याच यादीत युनिटसाठीचं 'यू' आहे: 4 पुढचा यू शून्यासारखा दिसला की 4 चे 40 युनिट इन्सुलिन होतात. म्हणून 'युनिट' पूर्ण शब्दात लिहावं.
मेथोट्रेक्सेट तर अधोरेखित करून ठेवा. संधिवातासाठी ते आठवड्यातून एकदाच असतं. रोज घेतल्याने रुग्ण दगावलेत. चिठ्ठीवर वार लिहून मागा, केमिस्टकडून पाकिटावरही तोच वार लिहून घ्या.