रस्त्यात हसवणारी वस्तू फोटोत गप्प का होते?

(बेळगावातल्या गप्पा, बोलणारे आपापल्या भागाच्या, गावाच्या नावानं.)

शहापुरी: गणपतीत मंडपाशेजारी ‘गल्लीतल्या गमती’ म्हणून 20 फोटो लावायचं ठरलंय. वेंगाडणारे मीटरबॉक्स, फसलेल्या पाट्या, असलाच माल. सगळं मोबाइलवर काढलेलं. पण रस्त्यात बघून हसू येतं आणि फोटोत नुसता मीटरबॉक्स दिसतो. चुकतंय कुठं?

तिसरं गेट: पसारा. डोळा नको ते गाळतो, कॅमेरा गाळत नाही. जुन्या लाकडी बोर्डावर किटकॅट फ्यूजची (चिनी मातीच्या जुन्या फ्यूजची) पांढरी जोडी म्हणजे डोळे, खाली लोंबणारी वायर म्हणजे तोंड. एवढंच फ्रेममध्ये ठेवा. शेजारची चप्पल, पाण्याचा पाइप, निवडणुकीचं स्टिकर आलं की चेहरा मोडला. अगदी जवळ जाऊन 1x वर, म्हणजे झूम न करता काढलं तर मधला भाग फुगतो, त्यापेक्षा दोन-तीन मीटर मागं सरून 2x वापरा. ग्रिड (स्क्रीनवरच्या आडव्या-उभ्या रेषा) चालू करा आणि मोबाइल वस्तूच्या उंचीवर धरा. चुन्याच्या भिंतीवर काळा बॉक्स असेल तर मोबाइल पांढऱ्याला भुलून फोटो काळवंडवतो. बॉक्सवर टॅप करून उजेड थोडा वर ओढा.

आणि उन्हाची वेळ. पूर्वेकडं तोंड असलेल्या भिंतीवर सकाळी आठला ऊन समोरून पडतं, सावलीच पडत नाही. साडेअकराच्या सुमाराला ते भिंतीला घासत येतं, तेव्हा सावली पडून कडी, खिळा, बिजागरी सगळ्यांना नाक फुटतं. जांभ्या दगडाची उघडी भिंत असेल तर मात्र भोकंच इतकी, की चेहरा हरवतो. तिथं ढगाळ दिवस बरा.

कंबळी खूट: पाट्यांचं वेगळं आहे बघा. कर्नाटकात पाटीवर 60 टक्के कन्नड हवं हा नियम आल्यापासून जुन्या बोर्डावर वर नवीन पट्टी चढते आणि खालची मराठी ओळ दाबून बसवतात. मग काना एकीकडं, वेलांटी दुसरीकडं. असली पाटी पूर्ण घ्या, चारही कडा दिसू द्यात. पेंटरला जागा कुठं संपली ते दिसलं नाही तर गंमतच कळत नाही. दुकानाचं नाव, फोन नंबर मात्र झाका. आपल्याकडं पाटीवरनं वाद पेटायला वेळ लागत नाही, हसायचं ते जागेच्या हिशोबाला, भाषेला नव्हे. कॅम्पात लष्करी भिंती, गेट टाळाच.

निपाणीवाला: उसाच्या ट्रॉल्या विसरू नका. केए-23 ची, म्हणजे कर्नाटकातली नंबरप्लेट आणि वर मराठी टोमणा. रस्त्यावर पाठलाग करण्यात अर्थ नाही, फोटो हलतो आणि जीवही जातो. गाळपाच्या दिवसात कारखान्याबाहेर रांग उभी असते, तिथं ड्रायव्हरला विचारून निवांत काढा. यंदाच्या गणपतीला उपयोग नाही म्हणा.

शहापुरी: ओ, प्रिंटचं काय? फोटो ग्रुपवर मागवलेत.

तिसरं गेट: तिथंच माती होते. व्हॉट्सअ‍ॅप साध्या पद्धतीनं पाठवलेला फोटो साधारण 1600 पिक्सेलवर आणतं. 8×12 इंची प्रिंटला 300 डीपीआयनं, म्हणजे इंचाला 300 ठिपके धरून, 2400×3600 पिक्सेल लागतात. सगळ्यांना ‘डॉक्युमेंट’ म्हणून परत पाठवायला सांगा. स्क्रीनशॉट घेऊ नका. प्रिंट सनबोर्डवर (हलक्या फोमच्या जाड शीटवर) चिकटवून घ्या आणि लॅमिनेशन मॅट, म्हणजे न चमकणारं सांगा. ग्लॉसीवर मंडपाची लाइटिंग चमकते आणि समोरच्याला फोटोऐवजी स्वतःचंच तोंड दिसतं.